नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स

नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स ही ब्रिटनमधील गाजलेल्या खटल्यांचे साद्यंत वृत्तान्त प्रसिद्ध करणारी इंग्रजी ग्रंथमाला आहे. स्कॉटलंडमधील विल्यम हॉज अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेने १९०५ ते १९५९ या काळात तिचे ८३ खंड प्रसिद्ध केले. साक्षीदारांच्या जबान्या, उलटतपासण्या, दोन्ही पक्षांच्या वकिलांची भाषणे, न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन आणि निकाल असा खटल्याचा सारा भाग एकेका खंडात दिलेला असतो. या खंडांच्या मूळ आवृत्त्या आता जुन्या पुस्तकांच्या बाजारातच शोधाव्या लागतात. गुन्हे व न्याय या विषयांवरील जुनी पुस्तके आणि नियतकालिके जमवणाऱ्या संग्राहकांमध्ये ही माला पायाभूत समजली जाते. निकाल लागून गेल्यानंतरही खटल्यातील पुरावा सामान्य वाचकाच्या हाती राहावा, ही सोय या मालेने केली. ऑस्कर स्लेटर यांच्यासारख्या काही प्रकरणांत त्यातूनच निकालाच्या फेरविचाराला साहाय्य झाले.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये खटल्यांचे वृत्तान्त छापण्याची परंपरा जुनी आहे. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील कामकाजाची छापील इतिवृत्ते १६७४ ते १९१३ या काळात निघत होती. राजद्रोहासारख्या राजकीय खटल्यांचा हॉवेल यांच्या नावाने ओळखला जाणारा ३३ खंडांचा संग्रह १८०९ ते १८२६ या काळात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या बाजूला, फाशीच्या दिवशी गर्दीत विकली जाणारी एकपानी पत्रके, गुन्हेगारांची चरित्रे सांगणारे ‘न्यूगेट कॅलेंडर’ आणि १८६४ साली सुरू झालेले ‘इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक असे लोकप्रिय साहित्य होते. हे साप्ताहिक १९३८ पर्यंत चालले.

या दोन्ही प्रकारांत एक उणीव होती. लोकप्रिय साहित्यात सनसनाटी व नीतिबोध यांना प्राधान्य असे. वकिलांसाठी निघणाऱ्या निर्णयसंग्रहांत कायद्याचा मुद्दा येई, पण साक्षीदार नेमके काय बोलला हे क्वचितच येई. वकील नसलेल्या वाचकाला पुरावा स्वतः वाचून मत बनवता येईल, असे साहित्य फारसे उपलब्ध नव्हते. हॉज यांच्या मालेने ही जागा भरून काढली.

इतिहास

हॉज यांची संस्था छपाई व प्रकाशनाबरोबर न्यायालयीन लघुलेखनाचेही काम करीत असे. १९०५ साली ‘नोटेबल स्कॉटिश ट्रायल्स’ या नावाने मालेचा आरंभ झाला. पहिला खंड मॅडेलिन स्मिथ हिच्या १८५७ मधील खटल्याचा होता. प्रियकराला आर्सेनिक दिल्याचा आरोप असलेल्या या तरुणीच्या बाबतीत एडिंबरा येथील ज्यूरीने ‘सिद्ध झाले नाही’ असा स्कॉटिश कायद्यातील तिसऱ्या प्रकारचा निकाल दिला होता. पुढे इंग्लंडमधील खटल्यांचे खंडही निघू लागले आणि मालेला तिचे आजचे नाव मिळाले. हॅरी हॉज हे दीर्घकाळ मालेचे प्रमुख संपादक होते. त्यांच्यानंतर हे काम जेम्स हॉज यांनी पाहिले.

मालेच्या वाढीला कायद्यातील एका बदलाचीही मदत झाली. इंग्लंडमध्ये १९०७ च्या फौजदारी अपील कायद्याने दोषी ठरलेल्या आरोपीला अपिलाचा अधिकार मिळाला आणि त्यासाठी खटल्याच्या कामकाजाची लघुलेखनाने नोंद करणे आवश्यक ठरले. त्यामुळे त्यानंतरच्या खटल्यांचे खंड अधिकृत नोंदींवरून तयार करता आले. त्याआधीच्या खटल्यांसाठी संपादकांना तत्कालीन वृत्तपत्रे, छापील पत्रके व वकिलांची टिपणे पडताळून मजकूर जुळवावा लागे.

मालेचा विस्तार मोठा आहे. स्कॉटलंडची राणी मेरी आणि राजा पहिला चार्ल्स यांच्यावरील खटल्यांपासून रॉजर केसमेंट (१९१६) व विल्यम जॉइस (१९४५) यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांपर्यंतचे विषय तिच्यात आहेत. तरीही बहुसंख्य खंड खुनाच्या खटल्यांचे आहेत. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली इंग्रजी खुनांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात पामर, नील क्रीम, मेब्रिक, क्रिपेन, सेडन, स्मिथ, आर्मस्ट्राँग, थॉम्पसन व बायवॉटर्स ही नावे येतात. या सर्व खटल्यांचे खंड मालेत आहेत. त्याच यादीतील ‘जॅक द रिपर’वर मात्र खंड नाही, कारण त्या प्रकरणात कोणावरही खटला चालला नाही. १९५९ साली निघालेला ऑगस्ट सँग्रेट याच्या खटल्याचा खंड हा मूळ मालेतील शेवटचा होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच संस्थेने युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांची स्वतंत्र माला काढली. तिचे प्रमुख संपादक सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ हे होते. १९४१ पासून पेंग्विन प्रकाशनाने ‘फेमस ट्रायल्स’ या नावाने मूळ खंडांवर आधारित संक्षिप्त वृत्तान्तांची स्वस्त पुस्तकेही काढली.

खंडाची रचना

खंडाच्या आरंभी संपादकाची विस्तृत प्रस्तावना असते. तिच्यात गुन्ह्याची पार्श्वभूमी, तपास, खटल्यातील वादाचे मुद्दे आणि निकालाची चिकित्सा येते. त्यापुढे महत्त्वाच्या घटनांची तारीखवार यादी, न्यायाधीश व वकिलांची नावे आणि खटल्याचे दिवसवार कामकाज असते. अखेरीस परिशिष्टे जोडलेली असतात. त्यांत पत्रे, वैद्यकीय अहवाल, अपिलातील निर्णय, तसेच न्यायालयात दाखल न झालेली पण प्रकरणावर प्रकाश टाकणारी कागदपत्रे आढळतात. आरोपी, न्यायाधीश व वकील यांची छायाचित्रे आणि घटनास्थळाचे नकाशे हा खंडांचा नेहमीचा भाग आहे.

प्रस्तावना आणि मूळ कामकाज वेगवेगळे ठेवल्यामुळे संपादकाचे मत कुठे संपते व पुरावा कुठे सुरू होतो, हे वाचकाला कळते. संपादकाशी असहमत होण्याचे साधन त्याच पुस्तकात हाताशी असते.

संपादक

मालेचे संपादक वकील, पत्रकार, डॉक्टर, नाटककार अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील होते. एडिंबरा येथील विधिज्ञ विल्यम रफहेड (१८७०–१९५२) यांनी दहा खंड संपादित केले. डीकन ब्रोडी, डॉ. प्रिचर्ड, बर्क व हेअर आणि ऑस्कर स्लेटर यांचे खंड त्यांत येतात. फिल्सन यंग यांनी सेडन दांपत्य, क्रिपेन, थॉम्पसन व बायवॉटर्स आणि आर्मस्ट्राँग या खटल्यांचे खंड तयार केले. फ्लॉरेन्स मेब्रिक हिच्या खटल्याचे संपादन अभिनेते एच. बी. आयर्विंग यांनी केले. कादंबरीकार एफ. टेनिसन जेसी या मालेतील ठळक स्त्री-संपादक होत. त्यांनी मॅडेलिन स्मिथ खटल्याचा खंड १९२७ साली नव्याने सिद्ध केला आणि १९५७ साली इव्हान्स व क्रिस्टी यांच्या दोन खटल्यांचा एकत्रित खंड संपादित केला.

निकालानंतरचे वाचन

ऑस्कर स्लेटर

ग्लासगो येथे २१ डिसेंबर १९०८ रोजी मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्ध महिलेचा तिच्या राहत्या घरी खून झाला. मूळचे जर्मनीतील ज्यू असलेले ऑस्कर स्लेटर यांच्यावर संशय येण्याचे कारण त्यांनी गहाण टाकलेली एक हिऱ्याची ब्रोच होती. ती ब्रोच गिलख्रिस्ट यांची नव्हती असे लवकरच स्पष्ट झाले, तरी खटला पुढे चालला. मे १९०९ मध्ये एडिंबरा येथे पंधरा जणांच्या ज्यूरीपैकी नऊ जणांनी ‘दोषी’, पाच जणांनी ‘सिद्ध झाले नाही’ आणि एकाने ‘निर्दोष’ असे मत दिले. स्कॉटलंडमध्ये साधे बहुमत पुरेसे असल्याने फाशीची शिक्षा झाली. ती अंमलबजावणीच्या दोन दिवस आधी जन्मठेपेत बदलण्यात आली.

रफहेड यांचा खंड १९१० साली निघाला. ओळख पटवणाऱ्या साक्षीदारांच्या जबान्यांतील विसंगती त्यामुळे सलग वाचता येऊ लागल्या. या खंडाचा आधार घेऊन सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १९१२ साली स्लेटर यांच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. १९१४ साली ग्लासगोचे पोलीस अधिकारी जॉन ट्रेंच यांनी तपासातील त्रुटी उघड केल्या. त्यांना नोकरी गमवावी लागली. स्लेटर यांची सुटका नोव्हेंबर १९२७ मध्ये झाली. तोवर त्यांनी साडेअठरा वर्षे कारावास भोगला होता. न्यायाधीशांनी ज्यूरीला चुकीचे मार्गदर्शन केले, या कारणावरून जुलै १९२८ मध्ये त्यांची दोषसिद्धी रद्द झाली आणि त्यांना ६,००० पौंड भरपाई देण्यात आली. या खंडाच्या पुढील आवृत्त्यांत १९१४ ची चौकशी व १९२८ चे अपील यांची भर पडली.

थॉम्पसन व बायवॉटर्स

एडिथ थॉम्पसन हिच्या पतीचा ऑक्टोबर १९२२ मध्ये तिचा प्रियकर फ्रेडरिक बायवॉटर्स याने खून केला. एडिथने प्रियकराला लिहिलेली पत्रे तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरली. दोघांनाही ९ जानेवारी १९२३ रोजी फाशी देण्यात आली. त्याच वर्षी निघालेल्या खंडात ही पत्रे परिशिष्टात छापली गेली. पत्रांतील मजकूर कटाचा की कल्पनाविलासाचा, हा वाद त्या पानांच्या आधारे पुढील पिढ्यांतही चालू राहिला. या प्रकरणावर टेनिसन जेसी यांनी १९३४ साली एक कादंबरीही लिहिली.

इव्हान्स व क्रिस्टी

टिमथी इव्हान्स याला आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी फाशी देण्यात आली. त्याच्याविरुद्धचा प्रमुख साक्षीदार त्याच इमारतीत राहणारा जॉन क्रिस्टी हा होता. तीन वर्षांनी क्रिस्टीच्या घरात अनेक स्त्रियांचे मृतदेह सापडले आणि त्यालाही फाशी झाली. जेसी यांच्या खंडात दोन्ही खटले एकापाठोपाठ दिलेले आहेत. त्यामुळे पहिल्या खटल्यात ज्यूरीने विश्वासार्ह मानलेला साक्षीदार आणि दुसऱ्या खटल्यातील आरोपी ही एकाच व्यक्तीची दोन रूपे वाचकाला शेजारीशेजारी तपासता येतात. इव्हान्स याला १९६६ साली मरणोत्तर माफी मिळाली. ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ साली स्थगित होऊन १९६९ साली कायमची बंद झाली. त्या चर्चेत हे प्रकरण वारंवार पुढे येत असे.

भारताशी संबंध

मेब्रिक खटला (१८८९) ज्यांच्यासमोर चालला ते न्यायाधीश सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे शिल्पकार होते. या खटल्यात त्यांनी ज्यूरीपुढे केलेल्या समारोपावर मोठी टीका झाली. त्यांच्या भारतीय कायद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वकील घडले. त्यामुळे भारतीय वाचकाला या खंडात वेगळे स्वारस्य वाटू शकते.

डॉ. बक रक्स्टन यांच्या खटल्याचा १९३७ मधील खंड मुंबईशी थेट जोडलेला आहे. मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेल्या रक्स्टन यांचे मूळ नाव बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम असे होते. इंग्लंडमधील लँकेस्टर येथे ते डॉक्टरी व्यवसाय करीत. पत्नी म्हणून त्यांच्यासोबत राहणारी इझाबेला आणि घरातील परिचारिका मेरी रॉजर्सन यांचे अवशेष सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळ सापडले. काही अवशेष ज्या वृत्तपत्रात गुंडाळलेले होते, तो ‘संडे ग्राफिक’चा १५ सप्टेंबर १९३५ चा अंक केवळ लँकेस्टर व मोरकम या भागासाठी काढलेल्या विशेष आवृत्तीचा होता. एकाच दिवसाच्या वृत्तपत्राच्या दोन आवृत्त्यांतील या फरकाने तपासाची दिशा लँकेस्टरकडे वळली. कवटीच्या छायाचित्रावर जिवंतपणीचे छायाचित्र जुळवून ओळख पटवण्याची पद्धतही या खटल्यात वापरली गेली. रक्स्टन यांना १२ मे १९३६ रोजी मँचेस्टर येथे फाशी झाली. या तपासावर प्रा. ग्लेस्टर व प्रा. ब्रॅश यांनी १९३७ साली लिहिलेला न्यायवैद्यकीय ग्रंथ या खंडाचा जोडग्रंथ म्हणून जमवला जातो.

खटल्याचा शब्दशः वृत्तान्त लोकांपुढे ठेवण्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. लोकमान्य टिळक यांच्यावरील १९०८ च्या राजद्रोह खटल्याचा अधिकृत इंग्रजी वृत्तान्त न. चिं. केळकर यांनी संपादित करून त्याच वर्षी मुंबईत प्रसिद्ध केला. तो या मालेचा भाग नाही. मात्र निकालाबरोबर बचावाचे भाषणही छापून ठेवावे, हा हेतू दोन्हीकडे समान आहे.

जुन्या प्रतींचे संकलन

या मालेचे संकलन बहुधा एखाद्या सुट्या खंडापासून सुरू होते. संपूर्ण ८३ खंड जमवणारे संग्राहक थोडे. बरेच जण एक संपादक, एक शहर, विषप्रयोगाचे खटले किंवा रद्द झालेले निकाल अशी मर्यादा ठरवून घेतात. लाल कापडी बांधणी आणि कण्यावरील सोनेरी अक्षरे यांमुळे खंड दुकानात चटकन ओळखता येतात. मूळ कागदी वेष्टन असलेल्या प्रती मात्र कमी आढळतात आणि त्यांना अधिक किंमत पडते.

जुना खंड घेताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

आवृत्ती: एकाच खटल्याच्या दोन आवृत्त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. स्लेटर खंडाची १९१० ची आवृत्ती त्या वेळी काय ठाऊक होते हे दाखवते, तर शेवटची आवृत्ती चूक कशी दुरुस्त झाली हे दाखवते. मॅडेलिन स्मिथ खटल्याचे १९०५ व १९२७ चे खंड भिन्न संपादकांचे असल्याने अभ्यासक दोन्ही ठेवतात.

चित्रे व नकाशे: आरंभीच्या चित्रसूचीशी प्रत्येक पान ताडून पाहावे लागते. घडीचे नकाशे फाटलेले वा कापून काढलेले असू शकतात.

पूर्वीची मालकी: अनेक प्रती वाचनालयांनी किंवा वकिलांच्या वारसांनी विकलेल्या असतात. शिक्के, क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि पुनर्बांधणी यांमुळे किंमत उतरते. परंतु खटल्याशी संबंधित वकील, पोलीस अधिकारी किंवा डॉक्टर यांची स्वाक्षरी अथवा समासातील टिपणे असलेली प्रत हा स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा ठरू शकतो.

कात्रणे: पूर्वीच्या वाचकांनी पानांत ठेवलेली वृत्तपत्रांची कात्रणे नेहमी आढळतात. वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त असल्याने शेजारच्या पानांवर तपकिरी छाप उमटतो. म्हणून अशी कात्रणे टाकून न देता, कोणत्या पानावर सापडली ते लिहून वेगळ्या आम्लरहित पाकिटात ठेवण्याची पद्धत आहे.

खंडांबरोबर जुनी नियतकालिकेही जमवली जातात. एडिंबरा येथील ‘ज्युरिडिकल रिव्ह्यू’ या विधिविषयक नियतकालिकात रफहेड यांचे अनेक निबंध प्रथम आले होते. ‘इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज’चे अंक, खटल्याच्या काळातील दैनिके व पत्रके यांवरून न्यायालयाबाहेरचे वातावरण कळते. ज्यूरीत बसण्यापूर्वी नागरिकांनी काय वाचले असेल, हे खंडातून नव्हे तर या अंकांतून समजते. स्वस्त कागदावर छापलेले आणि वाचून रद्दीत जाणारे हे अंक पुस्तकांपेक्षा लवकर नष्ट होतात.

मर्यादा व टीका

मालेतील वृत्तान्त सर्वत्र शब्दशः नाहीत. अनेक खंडांत प्रश्नोत्तरे एकत्र करून साक्षीदाराचे सलग निवेदन दिले आहे. प्रश्न कसा विचारला गेला यावर उत्तराचे वजन अवलंबून असते. म्हणून गंभीर संशोधनासाठी अभिलेखागारातील मूळ कागदपत्रे पाहावी लागतात.

खटल्यांची निवडही एकांगी आहे. गाजलेले, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतील खून यांना झुकते माप मिळाले असून गरिबांवर चाललेले, अर्ध्या दिवसात संपणारे असंख्य खटले मालेत नाहीत. काही प्रस्तावनांत स्त्रिया, परदेशी व्यक्ती व कनिष्ठ वर्ग यांच्याविषयीचे तत्कालीन पूर्वग्रह उमटले आहेत. खंडाला आरोपीचे नाव देण्याच्या प्रथेमुळे मृत व्यक्ती दुय्यम ठरते, असाही आक्षेप घेतला जातो. स्लेटर यांचे नाव निष्कलंक झाले. मॅरियन गिलख्रिस्ट यांच्या खुनाबद्दल मात्र दुसऱ्या कोणालाही शिक्षा झाली नाही.

गुन्हेगारांच्या वापरातील वस्तूंचा व्यापार आणि खटल्यांच्या नोंदींचे संकलन यांत संग्राहक फरक करतात. तरीही मृतांच्या कुटुंबीयांची खासगी पत्रे किंवा छायाचित्रे बाजारात आल्यास ती विकत घ्यावीत की अभिलेखागाराकडे सोपवावीत, याबद्दल एकमत नाही.

सद्यस्थिती

मालेतील बरेच जुने खंड आता अंकीय स्वरूपात वाचता येतात. ओल्ड बेलीची इतिवृत्ते २००३ पासून टप्प्याटप्प्याने महाजालावर खुली झाली असून त्यांत १,९७,००० हून अधिक खटले आहेत. एकविसाव्या शतकात दुसऱ्या एका प्रकाशकाने मालेचे नाव व क्रमांक पुढे चालवत ८४ व्या खंडापासून नवे खंड काढण्यास आरंभ केला. अंकीय प्रतींमुळे केवळ मजकुरासाठी जुना खंड शोधण्याची गरज कमी झाली आहे. आवृत्त्यांची तुलना, घडीचे नकाशे, समासातील टिपणे आणि पानांत राहिलेली कात्रणे यांसाठी मात्र छापील प्रतच पाहावी लागते.